पोराच्या ऑटिझमचं निदान चालू असताना आईबापांनी आधार कुठून गोळा करायचा : सोलापूरकरांसाठी

आमच्या पोराला ऑटिझम (स्वमग्नता) आहे हे कागदावर आलं तेव्हा तो साडेतीन वर्षाचा होता, आता सातवं चालू आहे. मधल्या काळात थेरपी, शाळा, सर्टिफिकेट याबद्दल सांगणारे खूप भेटले. पण निदान चालू असतानाचे जे चार-पाच महिने असतात ना, ज्यात नक्की काही कळत नाही, झोप लागत नाही आणि घरात सगळे एकमेकांकडे चोरून बघत असतात, तेव्हा आपण स्वतः कुणाकडे जायचं हे कुणीच सांगितलं नाही. म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, त्यामुळे औषधपाण्याचं मला विचारू नका.

आधीच एक सांगतो. एकाच माणसाकडून सगळा आधार मिळेल म्हणून वाट बघत बसू नका, ना बायकोकडून ना आईकडून ना डॉक्टरकडून. लग्नघरात कसं एक जण आचाऱ्याकडे बघतो, एक जण मंडपवाल्याशी भांडतो, एक जण नुसता पाहुण्यांना पाणी देतो, तसं कुणाकडून काय घ्यायचं ते आपणच ठरवायचं. मला हे कळायला दीड वर्ष गेलं.

नंबर लागेपर्यंत

शंका आल्यापासून पहिल्या अपॉइंटमेंटपर्यंतचा काळ सगळ्यात वाईट. रात्री एक वाजता मोबाईलवर सर्च करायचं, त्यात एक व्हिडिओ म्हणतो पूर्ण बरा होतो, दुसरा म्हणतो कधीच बोलणार नाही, आणि सकाळी डोळे लाल. हे बंद करा म्हणलं तर होत नाही, मला माहितीये. त्याऐवजी हाताला काम द्या. एक शंभर पानी वही घ्या आणि पोरगं काय करतं ते तारीख टाकून लिहा. आमचा पोरगा कारखान्यातून आणलेल्या सुताच्या रिकाम्या कांड्या फरशीच्या जोडावर एका रेषेत लावायचा, एक जरी हलली तरी सगळी रांग मोडून पहिल्यापासून, आणि हाक मारली तर मान वळायची नाही पण शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फाटला की पळत यायचा. असं लिहायचं, आपले अंदाज लिहायचे नाहीत. सोबत मोबाईलवर एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा, कारण डॉक्टरच्या केबिनमध्ये पोरं हमखास वेगळीच वागतात. याने निदानाला तर मदत होतेच पण आपल्यालाही जरा बरं वाटतं, नुसतं घाबरून बसण्यापेक्षा काहीतरी करतोय म्हणून.

पुढं काय होणार ते आधी माहिती असलं की निम्मी भीती कमी होते. ऑटिझम कुठल्याही रक्ताच्या रिपोर्टमध्ये किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. डॉक्टर पोराला बघतात, खेळवतात, आईबापांना भरपूर प्रश्न विचारतात. सोळा ते तीस महिन्यांच्या पोरांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते, पण ती फक्त चाळणी आहे, त्यात जास्त मार्क आले म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही. आपल्याकडे इसा नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात, दिव्यांग सर्टिफिकेटलाही तीच लागते. ऐकायला येतंय का हे बघायला बेरा टेस्ट सांगतात. त्यामुळे दोन-तीन वेळा बोलावलं तर डॉक्टर लपवतायत किंवा पैसे काढतायत असं लगेच धरू नका, मी धरलं होतं.

कुणाकडं जायचं? डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर, नाहीतर मुलांचा अनुभव असलेले मानसोपचारतज्ज्ञ, आणि टेस्टिंगला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. पैशाची अडचण असेल तर आपलं सिव्हिल, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, तिथं बालरोग आणि मानसोपचार दोन्हीकडे चौकशी करा. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला जी टीम येते ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असते, २०१३ पासून चालू आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी ते फुकट देतात. अंगणवाडी ताईला सांगायला लाजू नका. बरेच जण पुण्याला जातात, हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत. जाणार असाल तर आईबाप सोडून तिसरा माणूस पाहिजेच.

आम्ही माझ्या मेहुण्याला नेलं. त्याला आधीच सांगितलं होतं, तू डॉक्टरला काही विचारू नको, फक्त वहीत लिही आणि पोरगं रडायला लागलं की बाहेर घेऊन जा. त्या दिवशी आम्हाला जे काही आठवतंय ते त्याच्या वहीमुळे.

ज्या दिवशी सांगतात त्या दिवशी

आम्हाला चार मिनिटांत सांगितलं. गर्दीची ओपीडी होती, डॉक्टरांनी फाईलवर काहीतरी लिहिलं, "ऑटिझम आहे, थेरपी लावा" म्हणले आणि पुढचा नंबर पुकारला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरची एकादशी बघत बसलो होतो. बायकोनं काय विचारलं, त्यांनी काय उत्तर दिलं, मला आजही सांगता येत नाही. डॉक्टर वाईट होते असं मी म्हणत नाही, बाहेर साठ माणसं बसली होती. पण तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा, "डॉक्टर, आज डोकं चालत नाहीये, फक्त प्रश्न विचारायला परत पंधरा मिनिटं द्या." बहुतेक जण देतात. नाही दिली तर दुसरीकडे जा, सेकंड ओपिनियन घेणं म्हणजे पळणं नाही. फक्त तीन-चार ओपिनियन झाल्यावरही पाचवं शोधत असाल तर मात्र थांबा, तेवढ्या काळात थेरपी चालू झाली असती.

त्या दिवशी ऑफिसला रजा टाका, अर्धी नको, पूर्ण. घरी सरळ जाऊ नका. आम्ही विजापूर रोडला कंबर तलावाच्या कडेला गाडी लावून तासभर बसलो, पोरगं मागच्या सीटवर झोपलं होतं, बायको रडली, मी शेंगा खाल्ल्या, अक्षरशः अख्खा पुडा, का ते माहिती नाही. लगेच कुणाला फोन करू नका. सगळ्यांना सांगायची जबाबदारी एका माणसाला द्या, तेच तेच आठ वेळा सांगताना आपणच मोडून पडतो. आमच्याकडे ते काम मेहुण्याने केलं. त्यानं पाठवलेला मेसेज असा होता, चालवायचा असेल तर तुम्ही पण चालवा: "डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलाय. पोरगं ठणठणीत आहे. दोघं थकलेत, आठ दिवस फोन करू नका, काही लागलं तर मी सांगतो. उपाय, व्हिडिओ पाठवू नका." शेवटची ओळ ठळक करा हो.

आपलंच काहीतरी चुकलं, हा किडा

हा सगळ्यांच्या डोक्यात शिरतो. आमच्या घरी आई कन्नड बोलते, मी आणि बायको मराठी, शेजारी तेलुगू, आणि गल्लीत खेळायला गेलं की दखनी. नातेवाईकांनी निदान करून टाकलं, "चार-चार भाषा कानावर पडतात, पोरगं कन्फ्यूज झालंय." आईचं वेगळंच, सुनेनं ग्रहण नीट पाळलं नाही. बायको रात्री दोन वाजता मला उठवून विचारायची, आपण मोबाईल दिला म्हणून झालं का? आणि मी मनात म्हणायचो, माझा काका असाच एकटा एकटा राहायचा, म्हणजे माझ्याकडूनच आलं.

तर नीट वाचा. जास्त भाषांमुळे ऑटिझम होत नाही, सोलापुरात कितीतरी पोरं तीन भाषांत वाढतात. मोबाईल कमी केलेला चांगलाच, पण मोबाईलनं ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. लसीमुळे ऑटिझम होतो हे जे भूत आहे ते १९९८ साली एका ब्रिटिश डॉक्टरच्या पेपरमधून उठलं, तो पेपर त्या मासिकानं २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरचं लायसन्सही गेलं. उरलेल्या लसी देऊन टाका. आणि आयांनो, तुमच्यासाठी खास: अमेरिकेत १९४३ मध्ये लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरनं या मुलांबद्दल सविस्तर लिहिलं, आणि त्यानंतर वीसेक वर्षं तिकडचे मोठमोठे लोक आईच्या थंडपणामुळे असं होतं म्हणून बायकांना दोष देत होते. ते साफ खोटं निघालं. मेंदूची वाढ जन्माआधीपासूनच वेगळी होत असते, त्यात जनुकांचा वाटा मोठा आहे, आणि ते कुणी ठरवून देत नाही. माझ्या काकाचा हिशोब मी तिथंच मिटवला.

पण हे तुम्ही घरात सांगून काही होत नाही, घरच्यांना घरच्यांचं पटत नाही. म्हणून एक युक्ती. घरात जे सगळ्यात जास्त शंका काढतात ना, त्यांना एकदा, फक्त एकदाच, डॉक्टरकडे घेऊन जा आणि त्यांच्यासमोर प्रश्न विचारा, "हे आमच्यामुळे झालं का? हिच्या प्रेग्नन्सीत काही चुकलं का?" आम्ही अप्पांना नेलं, माझ्या वडिलांना. डॉक्टर नाही म्हणले. अप्पा काही बोलले नाहीत, रिक्षात पण नाही. रात्री जेवताना आईला कन्नडमध्ये एवढंच म्हणले, सुनेला परत काही बोलायचं नाही. आमच्या घरातला ग्रहणाचा विषय त्या रात्री संपला.

नवरा-बायको

दोघं एका वेगानं चालत नाहीत हे धरूनच चला. बायको सगळं वाचायची, रोज मला तीन लिंक पाठवायची, मी एकही उघडायचो नाही. मी कारखान्यात उशिरापर्यंत थांबायला लागलो, स्टॉक मोजलेला परत मोजायचो. तिला वाटायचं याला काही पडलेलंच नाही. मला वाटायचं हिला माझ्याशी बोलायला दुसरा विषयच नाही. दोघंही दोघांच्या परीनं रडतच होतो.

आम्हाला उपयोगी पडलेला नियम साधा आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी पोरगं झोपलं की गच्चीवर वीस मिनिटं, त्यात फक्त थेरपी, खर्च, शाळा, काय वाचलं ते. वीस मिनिटं झाली की विषय बंद, मग पाहिजे तर सिरीयलबद्दल बोला. बाकी दिवस लिंक पाठवायची नाही. आणि रात्रीची ड्युटी वाटून घ्या, आमचा रात्री दोनला उठून बसायचा, एक दिवस ती एक दिवस मी, ज्याची सुट्टी त्यानं दुसऱ्या खोलीत झोपायचं. सलग सहा तास झोप मिळाली की माणूस निम्मा सुधारतो, हे कुठल्याही काउन्सेलिंगच्या आधी करा.

बाप लोकांसाठी जरा जास्त सांगतो कारण आपल्याला कुणी विचारत नाही. भेटणारा प्रत्येक जण "वहिनी कशा आहेत" विचारतो. आपण टपरीवर उभे राहून "बरंय की" म्हणतो आणि सुपारी चघळतो. एका मित्राला तरी खरं सांगा. मी ज्याला सांगितलं तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणला, "मला यातलं काय कळत नाही बे, पण दर रविवारी सकाळी सातला मी तुझ्या दारात येणार, चालायला जायचं." तेव्हापासून येतोय. सल्ला एकही दिला नाही, म्हणून तर टिकलाय.

नातेवाईकांना काम द्या

"काही लागलं तर सांग हं" म्हणणाऱ्यांची कमी नाही. त्यांना खरंच सांगा, आणि अगदी बारीक काम सांगा. "मदत कर" म्हणलं की लोकांना काही सुचत नाही, मग ते सल्ला देतात. त्याऐवजी, "मावशी, बुधवारी थेरपी असते, त्या दिवशी आठ भाकरी आणि शेंगा चटणी पाठवाल का?" "भाऊजी, मोठीला ट्यूशनहून आणाल का आठवडाभर?" मोठी बहीण-भाऊ असतील तर त्यांच्याकडे या काळात कुणाचंच लक्ष नसतं, त्यांना नुसतं आईस्क्रीम खायला नेणारी आत्या सोन्याची.

"आमचा बाळ्या पण पाच वर्षं बोलत नव्हता" हे तुम्हाला किमान वीस वेळा ऐकायला मिळेल. वाद घालू नका. "असेल, पण डॉक्टरांनी वाट बघू नका म्हणलंय" एवढं बोला आणि चहाला उठा. दृष्ट काढायची तर काढू दे, सिद्धरामेश्वरांना नवस बोलायचा तर बोलू दे, मी स्वतः बोललोय. पण कुणी अंगाऱ्यासोबत थेरपी बंद करा म्हणलं, किंवा पोराला धूर, चटका असलं काही सुचवलं, तर तिथं नात्याचा मुलाहिजा ठेवायचा नाही.

थेरपी सेंटरचा बाक

खरा आधार मला इथं मिळाला, सेंटरबाहेरच्या लाकडी बाकावर. पहिले पंधरा दिवस मी मोबाईलमध्ये तोंड घालून बसायचो. मग अशोक चौकाकडच्या एक ताई, त्यांचा मुलगा मोठा होता, त्याच म्हणल्या, "अण्णा, पहिल्यांदाच आलाय का? आत जाताना त्याच्या हातात त्याची आवडती वस्तू द्या, रिकाम्या हातानं पाठवू नका." दुसऱ्या दिवशी कांडी दिली. रडला नाही. जी गोष्ट मला कुणी शिकलेल्या माणसानं सांगितली नाही ती त्यांनी दहा सेकंदांत सांगितली. तर बाकावर बसलेल्याला विचारा, तुमचा किती वर्षाचा, कधीपासून येताय. एवढंच पुरतं.

सोलापुरात पालकांचा ग्रुप कुठं आहे ते थेरपिस्टला विचारा, बहुतेक सेंटरचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. नसला तर चार पालक मिळून चहाला बसा, तोच ग्रुप. बाहेरचं बघायचं तर दिल्लीची ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था १९९१ पासून पालकांसोबत काम करते, मुंबईला उम्मीद नावाची संस्था आहे. ग्रुपमध्ये गेल्यावर दोन गोष्टी सांभाळा. आपल्या पोराची दुसऱ्याच्या पोराशी तुलना व्हायला लागली की आठ दिवस म्यूट करा. आणि जो कोणी गॅरंटीने बरा करतो म्हणेल त्याला लांब ठेवा. स्टेम सेलच्या जाहिराती खूप येतात, लाखांत पैसे मागतात, पण नॅशनल मेडिकल कमिशनच्या मंडळानं २०२२ मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही असं सांगितलंय. माझ्या ओळखीच्या एकानं प्लॉट विकला. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

नुसत्या बोलण्यानं भागत नसेल तर

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, पोराला जवळ घेताना पण काही वाटत नाही, गाडी चालवताना नको ते विचार येतात, असं असेल तर ते दुःखाच्या पुढं गेलंय. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी एकदा रात्री साडेअकराला कारखान्याच्या गेटबाहेर स्कूटरवर बसून लावला होता. पहिली दोन मिनिटं मी फक्त "हॅलो, आवाज येतोय का" एवढंच म्हणत होतो. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. त्यांनीच सांगितलं डॉक्टरला दाखवा, मग मानसोपचारवाल्यांकडे गेलो, सहा महिने गोळ्या घेतल्या, आता बंद आहेत. पोराच्या फाईलसारखी माझी पण एक फाईल आहे, कपाटात शेजारी शेजारी.

जीव द्यावासा वाटत असेल तर हा लेख इथंच सोडा आणि घरातल्या कुणाला तरी उठवा, मग १४४१६ ला फोन लावा.

कागदपत्रं

हे थोडक्यात, कारण तो वेगळाच विषय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा. ते झालं की नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना बघा, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात येतो. घाई करू नका पण टाळू पण नका. त्या फॉर्मवर "दिव्यांग" शब्दापुढं पोराचं नाव लिहिताना माझा हात थांबला होता, शेवटी बायकोनं पेन घेतला. त्यामुळे फॉर्म भरायला तुमच्यापेक्षा कमी रडणाऱ्या माणसाला सोबत बसवा. आमच्या बाकावरच्या ताईंनी आतापर्यंत नऊ जणांचे भरून दिलेत.

गड्ड्याचं

शेवटी हे, कारण दर जानेवारीला कुणीतरी विचारतंच. निदान झालं त्या वर्षी आम्ही गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतल्या जत्रेला, गेलोच नाही, लोक काय म्हणतील आणि पोरगं किंचाळेल म्हणून. दुसऱ्या वर्षी संध्याकाळी होम मैदानावर गेलो, पाळण्यांचे भोंगे, गर्दी, तो कानावर हात ठेवून मातीत आडवा पडला, आणि एक आजोबा म्हणले "दोन फटके द्या की." आम्ही पंधरा मिनिटांत घरी. तिसऱ्या वर्षी बाकावरच्या लोकांनी मिळून ठरवलं: कामाच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, पाळणेवाले जेवत असतात तेव्हा. पाच घरं, सहा पोरं, कानाला हेडफोन, आणि आधीच ठरलेलं की ज्याचं पोरगं बिनसेल त्यानं काही न सांगता निघून जायचं, कुणी का म्हणून विचारायचं नाही. दोन घरं दहा मिनिटांत गेली. आमचा बंद पाळण्यासमोर उभा राहून त्याच्या डब्या मोजत होता. यंदाही दुपारीच जाणार आहोत, यायचं असेल तर तुमच्या सेंटरच्या बाकावर विचारा, कुणाला तरी माहिती असेल.